नोंदवहीबाहेरची माणसे

नभोवाणीवर बोलणाऱ्या माणसाला एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे आपले बोलणे ऐकत कोण आहे. मंडपातल्या वक्त्याला श्रोते दिसतात. मागच्या रांगेत कोणी डुलकी घेत असतो, कोणी मधूनच उठून चपला शोधू लागतो, आणि वक्ता त्यावरून आपल्या भाषणाची किंमत ओळखतो. मायक्रोफोनपुढे बसलेल्याच्या समोर भिंत आणि घड्याळ एवढेच असते. त्याचे ऐकणारे हजार आहेत की लाख, हे त्याला दुसऱ्या कोणी तरी मोजून सांगावे लागते; आणि ज्याने मोजले तो कोणत्या वहीतून मोजतो, हे विचारल्यावाचून त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

हीच अडचण आज संकेतस्थळे चालविणाऱ्यांपुढे आहे. संकेतस्थळाचे पान वाचकाच्या यंत्रावर उघडते, तेव्हा त्याच्याबरोबर एक लहानशी आज्ञावलीही उतरते. वाचक कोठून आला, किती वेळ थांबला, कोणत्या पानावरून निघून गेला, याची खबर ती परस्पर मोजणीच्या कचेरीकडे धाडते. पुष्कळांना यात पाळतीचा वास येतो आणि ते त्या आज्ञावलीला दाराशीच अडवितात. मग प्रश्न असा उभा राहतो, की ज्यांनी आपल्याला मोजूच दिले नाही, ते किती? गुरुजींनी वर्गात येऊन ‘जे गैरहजर आहेत त्यांनी हात वर करा’ म्हणावे, तसा हा प्रश्न वरवर हास्यास्पद दिसतो. परंतु तो तसा नाही, आणि नवाही नाही. त्याच्या इतिहासातील काही बोलकी पाने मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, सापडतात.

नभोवाणीपासूनच आरंभ करू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. मद्रासने त्यापूर्वी तीन वर्षे हा खटाटोप करून पाहिला होता. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन केला आणि ३१ जुलैपासून कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. हौसेला पैशाचे पाठबळ नव्हते. १९२७ मध्ये क्लबने हात टेकले आणि आपले प्रक्षेपणयंत्र शहराच्या महापालिकेला देऊन टाकले. महापालिकेने १ एप्रिल १९३० पासून स्वतःचे केंद्र चालविले. पुढे १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू होईपर्यंत शहराची संध्याकाळ या नगरपालिकी नभोवाणीच्या हवाली होती. मरीना किनाऱ्यावर कर्णे लावलेले असत. समुद्राच्या वाऱ्याला आलेला मनुष्य वाळूत बसून संगीत ऐके आणि उठून घरी जाई. त्याच्यापाशी यंत्र नव्हते, परवाना नव्हता, आणि आपण ‘श्रोता’ या पदवीस पोचलो आहोत याची त्याला कल्पनाही नसावी.

त्या काळी श्रोता म्हणजे परवानाधारक. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९२७ मध्ये निघाली, ती मुख्यत्वेकरून परवान्याच्या उत्पन्नावर विसंबून. वर्षाला दहा रुपये फी आणि तीतला मोठा वाटा कंपनीला, असा हिशेब होता. १९२७ अखेर देशातील परवान्यांची संख्या ३,५९४ होती. पुढच्या वर्षाअखेर ती ६,१५२ झाली आणि १९२९ अखेर ७,७७५. एवढ्या मोठ्या देशाला एवढे श्रोते! कंपनी १९३० मध्ये दिवाळ्यात निघाली आणि सरकारला तो संसार आपल्या अंगावर घ्यावा लागला. परंतु ७,७७५ हा श्रोत्यांचा आकडा नव्हता. तो टपाल कचेरीत जाऊन पैसे भरणाऱ्यांचा आकडा होता. परवाना न काढता चोरून ऐकणारे त्यात नव्हते, मरीनावरचे नव्हते, शेजाऱ्याच्या ओसरीवर जमणारे नव्हते. विनापरवाना ऐकणाऱ्यांचा उपद्रव एवढा वाटू लागला, की १९३३ मध्ये खास कायदा करून परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविण्यात आला. १ जानेवारी १९३४ पासून तो अंमलात आला.

या चोरट्या श्रोत्यांची संख्या काढावयाची कशी? परवान्यांच्या वहीत ती मिळणार नाही, कारण त्या वहीत नसणे हीच त्यांची व्याख्या. त्यासाठी दुसरी वही पाहिजे. परदेशातून येणाऱ्या यंत्रांवर जकात बसत असे, तेव्हा जकातीच्या कचेरीत एक वही होती. यंत्रे विकणाऱ्या दुकानदारापाशी आणखी एक. आलेल्या यंत्रांतून परवाने वजा केले, की चोरांचा अदमास लागतो. पण दुकानात सुटे भाग विकत घेऊन घरीच यंत्र जुळविणारा हौशी विद्यार्थी दोन्ही वह्यांतून निसटतो, आणि मोडून माळ्यावर पडलेले यंत्र जकातीच्या वहीत जिवंतच राहते. म्हणजे दुसरी वहीही गळकीच. तरीसुद्धा दोन गळक्या वह्या एका धड वहीपेक्षा अधिक काही सांगून जातात. हे कसे, याचा उलगडा पुढे एका भारतीय संख्याशास्त्रज्ञाने केला. त्याकडे मी येणारच आहे.

तत्पूर्वी आणखी मागे जावयास हवे. मराठ्यांच्या राज्यात खानेसुमारी होत असे. त्या शब्दातच घरे मोजण्याचा भाव आहे, आणि घर मोजण्याचा कराशी असलेला संबंध कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी अमदानीत १८७१ साली मद्रास इलाख्याची शिरगणती झाली. तिचा अहवाल डब्ल्यू. आर. कॉर्निश या डॉक्टराने लिहिला. मद्रास शहराची लोकसंख्या तीत ३,९७,५५२ भरली. नवा प्राप्तिकर तेव्हा लोकांच्या मानगुटीवर बसलेलाच होता. मोजणी म्हणजे आणखी एखाद्या कराची नांदी, ही शंका त्या काळच्या शिरगणतीच्या अहवालांत पुन्हा पुन्हा भेटते. घरातल्या मुली आणि तरुण स्त्रिया सांगावयाच्या राहून जातात, ही दुसरी तक्रारही तशीच नेहमीची. गणकासमोर घरचा कर्ता उभा राही आणि किती माणसे ‘सांगावयाची’ हे तो ठरवी.

याचे परिणाम केवळ अहवालापुरते राहत नाहीत. १८७६ ते १८७८ या वर्षांत मद्रास इलाख्यावर भीषण दुष्काळ कोसळला. कॉर्निश त्या वेळी इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर होते. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला किती धान्य द्यावे यावरून सर रिचर्ड टेंपल यांच्याशी त्यांचा वाद झाला, तो इतिहासात गाजला आहे. टेंपल यांनी काटकसरीने ठरविलेल्या शिध्यावर मनुष्य काम करून जगू शकणार नाही, असे कॉर्निश यांचे म्हणणे होते. आता मनुष्ये जगत नाहीत हे सिद्ध करावयाचे, तर मृत्यूंची नोंद पाहिजे. आणि ती नोंद ठेवणार कोण? गावकामगार. दुष्काळात तोच भुकेने खंगतो, गाव सोडतो किंवा मरतो. ज्या महिन्यांत मृत्यू सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत नोंदणी सर्वांत ढिसाळ. खरी हानी किती झाली याचा अंदाज १८८१ च्या शिरगणतीवरून बांधावा लागला. १८७१ मध्ये सुमारे ३ कोटी १२ लाख असलेली इलाख्याची लोकसंख्या दहा वर्षांत वाढावयाची ती उलट घटलेली आढळली. येथेही दोन वह्या होत्याच. मृत्यूच्या वहीने जे सांगितले नाही, ते शिरगणतीच्या वहीतील रिकाम्या जागांनी सांगितले.

नोंदवहीबाहेर राहणारे सगळे एका जातीचे नसतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दुष्काळात मेलेल्याने नोंद नाकारली नव्हती. त्याची नोंद करणारा उरला नव्हता. परवाना चुकविणारा दहा रुपये वाचवीत होता. मरीनावरचा श्रोता काहीच लपवीत नव्हता. आणि चौथा एक वर्ग आहे, उघडपणे नकार देणाऱ्यांचा. १९३१ च्या शिरगणतीवर काँग्रेसने बहिष्कार पुकारला आणि ११ जानेवारी हा रविवार त्यासाठी मुक्रर केला. घरावर गणकाने घातलेला क्रमांक पुसून टाकणारा सत्याग्रही ‘मी नाही’ असे म्हणत नव्हता. ‘मी आहे, पण तुझ्या वहीत नाही’ असे म्हणत होता. मोजणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे चारही जण सारखेच. चौघांच्याही जागी शून्य. या शून्याची फोड करता येणे, हीच या विद्येची कसोटी आहे असे मला वाटते.

स्वतंत्र भारताने शिरगणतीचा कायदा १९४८ मध्ये केला. उत्तर देणे त्याने सक्तीचे केले, पण व्यक्तिगत माहिती गुप्त राखण्याचे बंधनही गणकावर घातले. त्यातील आठव्या कलमात एक सवलत आहे, ती मला फार अर्थपूर्ण वाटते. घरातील कोणत्याही स्त्रीचे नाव सांगण्याचे बंधन कोणावर नाही. आणि पतीचे, दिवंगत पतीचे, किंवा रूढीने जे नाव उच्चारावयाचे नाही ते, सांगण्याचे बंधन कोणत्याही स्त्रीवर नाही. ज्या समाजात पतीचे नाव घ्यावयाचे तर उखाण्याचा आडपडदा लागतो, त्या समाजाला शोभेलशीच ही तरतूद आहे. परंतु तिच्यात रूढीच्या सोयीपेक्षा अधिक काही आहे. तू मोजली जाशील, पण नाव सांगावयाचे नसेल तर सांगू नकोस, असा तिचा भाव. संख्या आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. आजची संकेतस्थळांची मोजणी नेमकी येथेच घसरली, हे पुढे दिसेल.

आता त्या दोन गळक्या वह्यांचा उलगडा. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत काम करणारे सी. चंद्रशेखरन यांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्यासह १९४९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. (नावावरून खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर किंवा पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झालेले लोकसंख्याशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांच्याशी त्यांचा घोटाळा होऊ नये.) हुगळी जिल्ह्यातील सिंगूर आरोग्य केंद्राच्या टापूत जन्ममृत्यूंची एक यादी निबंधकाची होती, आणि दुसरी घरोघर फिरून विचारपूस करणाऱ्यांनी तयार केली. दोन्ही अपुऱ्या होत्या. प्रश्न असा, की दोन्हींतून सुटलेले जन्म किती?

आकडे मी सोयीसाठी कल्पून घेतो. निबंधकाच्या यादीत ८०० जन्म आहेत. घरोघर फिरणाऱ्यांच्या यादीत ९००. दोन्ही याद्या ताडून पाहता ७२० नावे समाईक निघतात. आता, फिरणाऱ्यांना सापडलेल्या ९०० पैकी निबंधकाला ७२० सापडली होती. म्हणजे निबंधकाच्या जाळ्यात शेकडा ऐंशी मासे येतात. त्याच्या जाळ्यात एकूण ८०० आले आहेत. ते जर शेकडा ऐंशी असतील, तर तळ्यात एक हजार मासे असले पाहिजेत. दोन्ही याद्या मिळून नावे भरतात ९८०. म्हणून जे कोणालाच सापडले नाहीत, ते वीस. ज्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत अशा वीस अर्भकांची संख्या कागदावर उतरली! माशांची उपमा मी उगीच दिली नाही. डेन्मार्कच्या पेटरसन यांनी १८९६ च्या सुमारास खाडीतील माशांना खुणा करून परत सोडले आणि पुन्हा पकडलेल्यांत खुणेचे किती आढळतात, यावरून अशाच तऱ्हेचा हिशेब मांडला होता. माणसांच्या नोंदणीस तो लावताना चंद्रशेखरन यांनी त्यातील खरी मेख दाखवून दिली.

मेख अशी, की दोन्ही वह्या एकमेकींपासून स्वतंत्र पाहिजेत. निबंधकाला टाळणारा मनुष्य घरोघर फिरणाऱ्यालाही टाळत असेल, तर समाईक नावे वाजवीपेक्षा अधिक निघतात आणि सुटलेल्यांचा अंदाज कमी येतो. गावाबाहेरच्या पालांत जन्मलेले मूल दोघांच्याही वाटेवर नसते. यावर त्यांनी सुचविलेला उपाय साधा होता : सगळा प्रदेश एकत्र मोजू नका, वस्ती, वय, लिंग अशा एकजिनसी लहान गटांत तो विभागा, आणि प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करा. गटागटांतील तफावत जेथे मोठी, तेथे शंका घ्या. १९५१ च्या शिरगणतीनंतर आर. ए. गोपालस्वामी या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली देशात प्रथमच नमुना घेऊन फेरतपासणी झाली, आणि हजारी सुमारे अकरा माणसे सुटल्याचे आढळले. २०११ च्या शिरगणतीत हे प्रमाण हजारी तेवीस होते. साठ वर्षांत यंत्रे सुधारली आणि सुटणारी माणसे दुपटीहून वाढली. शहरे वाढली, हे त्याचे एक कारण. जन्ममृत्यूंसाठी १९६० नंतरच्या दशकात उभी राहिलेली नमुना नोंदणी पद्धती तर दोन वह्यांच्या तत्त्वावरच चालते : एक गणक वर्षभर नोंदी ठेवतो, आणि पर्यवेक्षक सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे येऊन विचारतो.

मद्रासला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. मुंबई, दिल्ली व कलकत्ता यांबरोबर हेही शहर पहिल्या पंक्तीत होते. आरंभी संकेतस्थळाची मोजणी त्याच्या स्वतःच्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, होई; कोणी पान मागितले की तेथे एक ओळ उमटे. मग मोजणीची कंत्राटे परक्यांकडे गेली. गूगलने २००५ मध्ये आपले मोजणीयंत्र फुकट देऊ केल्यावर जगातील असंख्य पानांतून एकाच कचेरीचा माणूस बसला, असे म्हणावयास हरकत नाही. वाचक एका पानावरून दुसरीकडे जाई आणि तोच गणक तेथेही वही उघडून बसलेला आढळे. संख्या आणि ओळख यांतील भिंत येथे पडली. लोकांनी मग अडसर घातले. काहींनी स्वतः अडवणूक करणारी साधने बसविली, तर काहींच्या ब्राउझरनेच त्यांना न विचारता हे काम केले. फायरफॉक्सने २०१९ पासून अशी अडवणूक आपल्या नेहमीच्या मांडणीतच घातली.

अडविणाऱ्यांची संख्या काढण्याचा मार्ग आता ओळखीचा वाटेल. सर्व्हरची वही आणि परक्या गणकाची वही शेजारी ठेवावयाची. पहिलीत आहेत आणि दुसरीत नाहीत, ते निसटलेले. पण जकातीच्या वहीसारखी सर्व्हरची वहीही खोटे बोलते. तीत पाने चाळणारी स्वयंचलित यंत्रे माणसांच्या बरोबरीने नोंदली जातात, आणि एकाच कचेरीच्या जोडणीमागे बसलेले पन्नास वाचक एकच दिसतात. मरीनावरचा कर्णाच तो. उलटपक्षी, वाटेत साठविलेली प्रत वाचणारा तीत उमटतच नाही.

ब्रिटिश सरकारच्या डिजिटल खात्याने २०१३ मध्ये केलेला प्रयोग या दृष्टीने नमुनेदार आहे. प्रश्न अडवणुकीचा नव्हता, परंतु अगदी शेजारचा होता : किती वाचकांच्या यंत्रांत आज्ञावली चालतच नाही? त्यांनी पानात तीन सूक्ष्म चित्रे ठेवली. एक सर्वांनी मागावे असे, एक आज्ञावली चालली तरच मागितले जाणारे, आणि तिसरे वाचकाने आज्ञावली जाणूनबुजून बंद ठेवली असेल तरच मागितले जाणारे. शेकडा १.१ लोकांना आज्ञावली मिळाली नाही असे आढळले. त्यांपैकी मुद्दाम बंद ठेवणारे शेकडा ०.२ होते. उरलेल्या ०.९ टक्क्यांनी काहीही नाकारले नव्हते. कोठे जोडणी अर्ध्यावर तुटली, कोठे कचेरीच्या पहारेकरी यंत्राने अडविले. शून्याची फोड करणे म्हणतात ते हे. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळाने चेन्नईला झोडपले, तारा तुटल्या, इंटरनेट मंदावले. त्या आठवड्यात एखाद्या संकेतस्थळाच्या गणकाला चेन्नईचे वाचक कमी दिसले असतील, तर त्यांनी बहिष्कार घातला होता असे मानणारा मनुष्य शहाणा म्हणता येणार नाही.

आणि निसटणारे सगळीकडे सारखे नसतात. यंत्रांची जाण असलेल्या वाचकांत अडविणारे पुष्कळ, स्वयंपाकाच्या कृती वाचणाऱ्यांत थोडे. गणकाचा एकच आकडा घेऊन ‘अमुक ब्राउझर कोणी वापरीत नाही, त्याची सोय बंद करा’ असा निर्णय घेणारा व्यवस्थापक, घरच्या कर्त्याने सांगितलेल्या माणसांइतकेच धान्य मोजणाऱ्या अधिकाऱ्यासारखा वागत असतो. येथे चंद्रशेखरन यांचा लहान गटांचा उपाय आजही तसाच लागू पडतो.

अडविणाऱ्यांना मोजताना एक मोह मात्र आवरला पाहिजे. परका गणक अडविला जातो, म्हणून त्याला घरच्या माणसाचा वेष देऊन आत घेण्याची युक्ती काही जण करतात. त्याने आकडा भरतो खरा. पण ज्याने दार लावून घेतले त्याच्या खिडकीतून डोकावण्याचाच तो प्रकार आहे. एका दिवसात पाने किती मागितली गेली आणि गणकापर्यंत खबर कितींची पोचली, या दोन बेरजांची वजाबाकी करण्यास कोणाचीही ओळख लागत नाही. चेन्नईत वाढलेल्या झोहो या कंपनीने २०२० मध्ये परक्या पाळतीची साधने आपल्या संकेतस्थळांवरून काढून टाकल्याचे जाहीर केले; मोजणी घरच्या घरी करता येते हे व्यापाऱ्यांनाही पटू शकते, याचे हे उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविल्यावर या वजाबाकीला आणखी वजन आले आहे.

२०२१ ची शिरगणती लांबणीवर पडली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या शिरगणतीसाठी देशाच्या बहुतेक भागात १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविला. या खेपेस गणकाच्या हाती कागदाऐवजी फोनचे यंत्र असावे आणि ज्याला हवे त्याने आपली माहिती इंटरनेटवरून स्वतः भरावी, अशी योजना आहे. स्वतः भरणाऱ्यांची यादी आणि दारोदार फिरणाऱ्याची यादी एकमेकींना न विचारता तयार होणार की एकीवरून दुसरी उतरणार, हे त्या योजनेत पाहण्यासारखे आहे. कारण दोन्ही वह्या एकाच हाताने लिहिल्या गेल्या, तर मरीनाच्या वाळूत निजणाऱ्या माणसाची नोंद कोणत्याही वजाबाकीतून निघणार नाही.